गुलाबांची बांधी

आमच्या कॉलनीतला बगीचा लोकांनी एकदिलानं उभा केला, असं आता कोणीही सांगतं. सांगू द्या. मी पहिल्या दिवसापासून तिथं होतो, आणि मला आठवतं ते असं की तो बगीचा आम्ही एकमेकांवर डोळा ठेवून उभा केला. त्यातही डोळा ठेवायचं मुख्य काम माझ्याकडं होतं. ते मला कोणी दिलं नव्हतं. मीच घेतलं होतं.

सत्तरचं दशक संपत आलेलं. भंडाऱ्यात नोकरीनिमित्त आलेल्यांची आमची नवी वस्ती. घरं अर्धवट प्लास्टरची, रस्ते मुरमाचे, आणि मधोमध नगरपालिकेची एक मोकळी जागा. तिथं बेशरमीची झुडपं माजलेली आणि त्यांच्या आडोशाला डुकरांचा संसार. ती जागा आम्ही बगीच्यासाठी मागितली. पालिकेतून उत्तर आलं ते असं: करा बगीचा. दिवाळीआधी आमचा ओव्हरसियर येऊन पाहील. बगीचा दिसला तर जागा बगीच्याची. तिथं कोणी गोठा, शेती, कुंपण असलं काही करताना दिसलं तर तो कब्जा समजू आणि दुकानांचे गाळे बांधू.

गाळे म्हटल्यावर सगळे हादरले. दारासमोर पिठाची गिरणी आणि वेल्डिंगचं दुकान कोणाला हवंय? दर रविवारी सकाळी श्रमदान ठरलं. पहिल्या रविवारी यच्चयावत घरातून माणसं आली. कोणी कुदळ आणली, कोणी फावडं, कोणी घमेलं. मी सल्ला आणला. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो, त्यामुळं पाण्यातलं सगळं मला कळतं असा माझा समज होता, आणि तो मी कॉलनीभर पसरवलाही होता.

माझ्या शेजारच्या खड्ड्यावर नर्सबाई होत्या. सरकारी दवाखान्यात नोकरी, मूळच्या दिघोरीकडच्या, आणि तोंड असं की डॉक्टरसुद्धा त्यांना विचारून खोकत. त्या मला म्हणाल्या, "का जी भाऊ, तुम्ही खड्डा खणून राहिले का खड्ड्याची राखण करून राहिले?"

मी खरं तर पटवारीजींची राखण करत होतो.

पटवारीजी म्हणजे निवृत्त तलाठी. आमच्याकडं तलाठ्याला पटवारीच म्हणतात. मूळचे कोंढा गावचे. त्यांचं घर त्या जागेला अगदी लागून, आणि बगीच्याला लागणारं पाणी त्यांच्याच अंगणातल्या विहिरीचं. बादली त्यांची, दोर त्यांचा. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे, सगळ्यांच्या नंतर जायचे. जन्मभर जमिनी मोजलेला माणूस फुकट घाम गाळतो, हे माझ्या बुद्धीला पटेना. त्यात त्यांना एक सवय होती. उभे असले की पावलांनी जमीन मोजायचे. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे, थांबायचे, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचे, परत यायचे. मी घरी आलो की बायकोला सांगायचो, "मोजून राहिला तो. लिहून ठेव. ही जागा एक दिवस त्याच्या नावानं निघते."

"तुम्ही काहून जळून राहिले?" बायको म्हणायची. "मोजली म्हणून जमीन का कमी होते?"

उन्हाळ्यात दोन मोठ्या गोष्टी झाल्या, आणि दोन्हींत मी होतो. पहिली म्हणजे खत. बगीच्याला खत कुठून आणायचं यावर चर्चा चालू असताना मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, खत माझं. मोहाडीजवळच्या आमच्या गावाहून मी भावाला निरोप धाडला. भावानं खळ्यामागचा उकिरडा खोदून बैलबंडी भरभरून शेणखत पाठवलं. कॉलनीच्या तोंडावर बंडी आली तेव्हा मी तिच्यापुढं असा चालत होतो की जणू वरातच घेऊन येतोय. काळंभोर खत, त्यात कुजलेली तणीस म्हणजे धानाचा पेंढा, खळ्याची झाडण. सगळ्यांनी वाखाणलं. पटवारीजींनी मूठभर हातात घेऊन हुंगलं. मला तेही खटकलं. खत हुंगायचं काय कारण?

दुसरी गोष्ट म्हणजे बांध. गुलाबांचा मोठा वाफा जागेच्या ऐन मध्यावर करायचा होता. पाणी वाहून जाऊ नये म्हणून वाफ्याभोवती चांगला उंच बांध घाला, असं मी सुचवलं. एकही माणूस विरोधात बोलला नाही. बोलणार कोण? तिथं कुदळ धरलेला प्रत्येक हात धानाच्या घरातून आलेला. कोणी स्वतःच्या शेतात राबलेला, कोणी नर्सबाईंच्या बापासारखा दुसऱ्याच्या. पटवारीजींनी दोरी लावून कोपरे काटकोनात घेतले. बाकीच्यांनी माती इतकी सपाट केली की वर ठेवलेली गोटी हलली नसती. बांध पायांनी चोपून घट्ट केला. संध्याकाळी सगळे लांब उभे राहून पाहत होते, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. आम्ही काय केलं होतं ते आज लख्ख दिसतं. आम्ही भरवस्तीत धानाची बांधी केली होती. बांधी म्हणजे ज्यात पाणी तुंबवून धान लावतात तो चौकोनी तुकडा. त्या बांधीत आम्ही नागपूरहून आणलेली गुलाबाची कलमं लावली.

आषाढात पाणी लागून राहिलं. बांधी काठोकाठ भरली. कोणाला चुकूनसुद्धा वाटलं नाही की हे काही बरं चाललेलं नाही. उलट माणसं छत्र्या घेऊन पाणी पाहायला येत. साचलेलं पाणी दिसलं की आमच्या लोकांना आतून बरं वाटतं, त्याला इलाज नाही. एकदा बांधाला एका ठिकाणी घळ पडली तर मी ऑफिसला जाता जाता पँट गुडघ्यापर्यंत चढवून ती बुजवली आणि तशाच चिखलाच्या पायांनी साहेबांपुढं उभा राहिलो. गुलाबं घोटाभर पाण्यात उभी होती आणि आम्ही म्हणत होतो, यंदा फुलं येतील ती काय येतील!

गुलाबं काळी पडली.

आधी पानं गेली, मग काड्या. लोक हळहळले. मी मात्र हळहळत बसलो नाही. मी तपास सुरू केला. कोणीतरी वाफ्यात मीठ टाकलं असणार हे मला पहिल्याच झटक्यात कळलं. कोण टाकणार? ज्याला बगीचा होऊ द्यायचा नाही तो. ज्याचं घर लागून आहे तो. पुरावा म्हणून मी वाफ्यातला चिखल बोटावर घेऊन चाटला. नेमक्या त्याच वेळी नर्सबाई ड्यूटीवर निघाल्या होत्या.

"भाऊ," त्या फाटकातून म्हणाल्या, "घरी जेवाले देत नाही का वहिनी?"

चिखल खारट नव्हता. चवीला आमच्या गावासारखा होता. तेव्हाच मला काही सुचायला हवं होतं, पण मला पोट दुखण्यापलीकडं काही सुचलं नाही.

मग एके दिवशी मेलेल्या गुलाबांच्या बुंध्यांभोवती हिरवं दिसायला लागलं. दाट, कोवळं, पोपटी. दोन-तीन दिवस सगळे गवत म्हणत राहिले. पण कोणी उपटलं नाही. रविवारी सगळे वाकून पाहू लागले, आणि पाहता पाहता एकेक जण पाती बोटांत धरून चोळू लागला. अखेर नर्सबाईच बोलल्या. "गवत कायचं? हे तं धान होय. पऱ्हे टाकल्यावानी उगोन राहिलं."

पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आली असणार, कारण सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. पालिकेनं शेतीला कब्जा म्हटलं होतं. ज्यानं हे पेरलं त्याला बगीचा नकोय, जागा हवीय. ओव्हरसियरनं हे पाहिलं की जागा गेली.

"उपटून टाका मंग," कोणीतरी म्हणालं.

"टाका ना."

"तुम्ही टाका."

कोणीही वाकेना. उभं, हिरवंगार, जोमात आलेलं धान उपटून फेकायला त्या गर्दीतला एकही हात पुढं होईना. माझाही नाही. पण माझा हात का होत नाही याचा विचार न करता मी पटवारीजींचा हात का होत नाही याचाच विचार करत घरी आलो.

पुढल्या आठवड्यात माझा संशय पक्का झाला. ते धान आता दाटीवाटीनं नव्हतं. मोकळं, सारख्या अंतरावर, चूड-चूड, म्हणजे दोन-तीन रोपांची जुडी करून, लावलेलं होतं. कोणीतरी दाट ठिकाणची रोपं काढून विरळ ठिकाणी रोवत होतं. रोवणा चालू होता! माझ्या नाकासमोर, भर कॉलनीत!

मी पहाटे उठून खिडकीच्या पडद्याआड बसायला लागलो. उजाडता उजाडता एकदा पटवारीजी बांधावर आले. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि वाकले. मी तसाच लुंगीवर धावत गेलो.

"का जी पटवारीजी, का करून राहिले?"

ते दचकून उभे राहिले. हात धोतराला पुसले. "काही नाही बाप्पा. खेकडं पाहून राहिलो. बांध पोखरते ना."

"खेकडं?"

"हो ना. तुम्ही कायले आले एवढ्या पहाटे?"

"मी… मीही खेकडंच."

खोटारडा माणूस, मी मनात म्हटलं. ते गेल्यावर मी खाली उतरून जागेचा पंचनामा केला. एक चूड सुटून पाण्यावर तरंगत होती. ती तशीच राहिली असती तर पुरावा वाहून गेला असता, म्हणून मी ती अंगठ्यानं चिखलात नीट खोचली. शेजारी जरा दाट होतं, तिथली दोन काढून पलीकडं लावली. एवढंच.

मी नर्सबाईंना सगळं सांगितलं. नर्सबाईंना सांगणं म्हणजे दवंडी पिटणंच. पुढच्या रविवारी लोक कुदळी घेऊन आले खरे, पण कामापेक्षा एकमेकांच्या हातांकडं बघणं जास्त चाललं. कोणी वाकलं की बाकीचे थांबायचे. पटवारीजींना दिवसभर कोणी चहा विचारला नाही. शेवटी त्यांना कळलं.

ते माझ्या दारात आले. आत या म्हटलं तर आले नाहीत.

"तुम्ही म्हणता मी जागा लाटून राहिलो?"

"मी नाव नाही घेतलं कोणाचं."

"नाव नाही घेतलं! साऱ्या कॉलनीत एकच पटवारी हाय. जन्मभर लोकाईची शेती मोजली. माझ्या नावानं कुठं वीतभर तुकडा नाही. आन म्हातारपणी हा बट्टा? पाण्याचं पाहून घ्या आता तुम्ही. माही विहीर बंद."

त्याच दिवशी त्यांनी राहाटावरचा दोर काढून घरात नेला. माझ्या दृष्टीनं हा कबुलीजबाब होता. निर्दोष माणूस दोर काढून नेईल का?

पण एक गोष्ट जुळेना. पाऊस संपला, दसरा गेला, जास्वंद आणि शेवंतीचे वाफे पाण्यावाचून तडकले, आणि धानाची बांधी मात्र ओली. रोज सकाळी ओली. मी याचा अर्थ असा लावला की माणूस चोरून स्वतःच्या पिकाला पाणी देतोय. अर्थ अर्धा बरोबर होता, हे माझ्या बाबतीत फार वेळा घडलेलं नाही.

ओव्हरसियर येणार असल्याचा निरोप आला. आम्ही फाटकाशी झेंडूच्या कुंड्या ओळीनं मांडल्या. प्रत्येकानं आपापल्या घरची तुळस, कोरफड, मोगरा, जे होतं ते आणून ठेवलं. मधोमध मात्र धान, आता कमरेएवढं, नुकतंच निसवलेलं, लोंबीवर फुलोरा. मी ठरवलं होतं की ओव्हरसियर आला की पुढं होऊन पटवारीजींकडं बोट दाखवायचं. जागा वाचवायचा तेवढाच मार्ग होता. एक माणूस देऊन टाकायचा आणि बगीचा ठेवायचा.

ओव्हरसियर यायच्या दिवशी सकाळी सगळी कॉलनी जमली. पटवारीजी आपल्या ओट्यावर पाठ करून बसलेले. वारा सुटला आणि बांधीवरून वास आला. भाताचं झाकण काढल्यावर येतो तसा, पण हिरवा, ओला. सगळ्यांनी मान वर केली. माझी बायको कुंड्यांना पाणी घालत होती. तिनं खोल श्वास घेतला आणि अगदी सहज, सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली,

"अवो! हा तं आपला चिन्नोर होय."

चिन्नोर म्हणजे आमच्याकडचं वासाचं धान. ते सगळीकडं पिकतं, पण कॉलनीत त्याचा जप करणारा एकच माणूस होता. आमच्या गावचा चिन्नोर, आमच्या खळ्यावरचा चिन्नोर, आमच्या घरी चूल पेटली की वेशीपर्यंत वास, हे मी प्रत्येकाला निदान एकदा ऐकवलेलं. आणि आमच्या खळ्यावरची झाडणही मीच बैलबंडीनं आणून या वाफ्यात ओतलेली. वाजतगाजत.

नर्सबाई सावकाश माझ्याकडं वळल्या. मग सगळेच वळले. पटवारीजीसुद्धा ओट्यावरून वळले.

"अच्छा," नर्सबाई म्हणाल्या. "म्हणजे बी तुमचं. बांध तुमचा. आन चोर पटवारीजी."

"मी पेरलं नाही! खतातून आलं असेल. मला काय माहीत…"

"खतातून आलं, मंग रांगेत कसं उभं झालं? खतानं रोवणा केला का?"

मला एक तरंगती चूड आठवली. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःचाच संशय आला. आपण नकळत पहाटे उठून सगळी बांधी तर रोवली नाही ना?

तेवढ्यात ओव्हरसियर सायकलवरून उतरले. पन्नाशीचे, जाड चष्मा, वळवलेल्या बाह्या. फाटकाशी थांबले. कुंड्यांवरून नजर फिरवली आणि मध्यावर येऊन थबकले.

"हे कोणाचं?"

बोट दाखवायची वेळ आली होती, आणि आता सगळी बोटं माझ्यासाठी तयार होती. माझ्याकडं दाखवलं असतं तर जागा वाचली असती. माझाच हिशेब होता तो. मी बायकोकडं पाहिलं. ती माझ्याकडं बघत नव्हती.

"सांगा ना. शेती करून राहिलं इथं कोणी. कोण तो?"

"मी पाणी दिलं," ओट्यावरून आवाज आला. पटवारीजी उठून उभे होते. "बाकी मले ठाऊक नाही. उभं धान वाळून राहिलं, मी पाहत कसा राहू? आन… एक-दोन चुडी लावल्या असतील. सुटल्या होत्या."

मी त्यांच्याकडं पाहतच राहिलो. खेकडं!

"मी बी लावल्या," नर्सबाई पदर खोचत म्हणाल्या. "ड्यूटीवरून येता येता. लई दाट झालं होतं. हात राहात नाही साहेब, लहानपणापासून मजुरीनं रोवणा केला."

मग मागून कोणी म्हणालं, मीही. कोणी म्हणालं, मूठभरच. कोणाच्या म्हाताऱ्या आईनं काठी टेकत येऊन अर्धा कोपरा लावला होता. प्रत्येकानं चोरून लावलं होतं आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा संशय होता. शेवटी मीही बोललो. "दोन चुडी. फक्त पुराव्यासाठी." यावर कोणी हसलं नाही. मला वाटतं कोणी विश्वासच ठेवला नाही.

ओव्हरसियरनी चष्मा पुसला. "हे असं नाही चालत," ते म्हणाले. "बगीचा म्हणून जागा दिली. मले वर सांगा लागते." असं म्हणत म्हणत ते बांधावर चढले. चपला काढल्या. एका ठिकाणी बांध झिरपत होता, तिथं त्यांनी बोलता बोलताच टाचेनं माती दाबली. मग वाकून बांधीतलं एक तण उपटलं, त्याची गुंडाळी करून चिखलात पुरली, आणि आडवी झालेली एक चूड हातानं उभी करून बुडाशी चिखल थापला. सगळं दोन वाक्यांच्या मध्ये.

नर्सबाईंनी ते पाहिलं. "साहेब," त्या म्हणाल्या, "आता तुम्ही बी."

ओव्हरसियर आपल्या चिखलाच्या बोटांकडं बघत राहिले. मग लोंबीकडं बघितलं, एक दाणा नखानं दाबला. दूध निघालं.

"भरून राहिला आत्ता," ते हळूच म्हणाले. "दिवाळीनंतर येतो. कापणी होऊ द्या. पण तेव्हा मले इथं फुलं दिसली पाहिजेत, हो. आन हा बांध दिसला नाही पाहिजे."

सायकलवर बसताना त्यांनी विचारलं, "बियाणं कोणाकडचं?" मी हात वर केला. त्यांनी माझ्याकडं जे पाहिलं त्यात कौतुक होतं की आणखी काही, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

कापणी सगळ्यांनी केली. धान पटवारीजींच्या अंगणात झोडपलं, कारण माझ्या अंगणात झोडपायला कोणी तयार नव्हतं. तांदूळ सगळ्या घरी वाटीवाटीनं गेला. माझ्या घरी आलेली वाटी जरा कमी भरलेली होती, असं माझं आजही मत आहे. मग बांध फोडला, वाफे उंच केले, आणि दिवाळीनंतर ओव्हरसियर आले तेव्हा तिथं शेवंती होती. जागा बगीच्याची झाली. गुलाबंही झाली पुढं, कोरड्या पायांची.

पुढल्या उन्हाळ्यात मी परत खताची बंडी मागवली. ती कॉलनीच्या तोंडाशी आली, तर फाटकात पटवारीजी पाट टाकून बसलेले, मांडीवर सूप.

"हे काय जी?"

"थांबवा बंडी," ते म्हणाले. "पाखडून घेतो. मंगच आत."

आणि खरोखर ते टोपल्या-टोपल्यानं माझं खत सुपात घेऊन पाखडायला लागले. दाणा दिसला की उचलून वाटीत टाकत. मी तिथंच उभा राहिलो, ऊन डोक्यावर येईपर्यंत. वाटीतल्या दाण्यांचं ते पुढं काय करतात, ते मला पाहायचं होतं.